ताईचं घर अलीकडच्या काठावर राहिलं

चि. गोटू यास,

मंगळवार, दिनांक नऊ, दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी तुझ्या कंपनीने माझ्या पाठीमागचा पूल पाडला. वॉर्डात काही भलतं घडलं की आधी वेळ लिहायची आणि मग ओरडायचं, ही सवय मेट्रन म्हणून निवृत्त झाल्यावरही सुटलेली नाही, त्यामुळे वेळेबद्दल वाद घालू नकोस. पत्राच्या सुरुवातीला अनेक उत्तम आशीर्वाद देण्याची पद्धत आहे. ते मी तूर्त राखून ठेवले आहेत, तुझं उत्तर पाहून सोडीन. तुझ्या बायकोचा खोकला थांबला का? तिला सांग, ते गोड औषध नाल्यात ओत आणि मिठाच्या गुळण्या कर. माझी प्रकृती ठणठणीत आहे. तुझ्या मोठ्या आत्याची प्रकृती हाच या पत्राचा विषय असल्यामुळे हे पत्र जिन्यात उभं राहून वाचू नकोस. दार लावून, बसून वाच.

ताईच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी तिला दिवसातून दोनदा तासभर खुर्चीत ताठ बसवायला सांगितलं होतं, हे तुला ठाऊक आहे. ती बसत नव्हती, हेही ठाऊक आहे. मी भल्याभल्या पहिलवानांना ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी उठवून चालवलंय, पण सख्ख्या थोरल्या बहिणीपुढे मेट्रनगिरी चालत नाही. ती आपली "तू मला शिकवू नकोस, तुझी वेणी मी घालत होते" म्हणायची आणि भिंतीकडे तोंड करून आडवी व्हायची. तेवढ्यात तू टीव्हीला जोडायचं तुमचं ते यंत्र पाठवलंस आणि सोबत खेळ. अजून बाजारात यायचाय, घरच्या माणसांनी खेळून बघा आणि मोकळेपणाने सांगा, असं तू फोनवर म्हणाला होतास. (मोकळेपणाने हा शब्द तुझा आहे. पुढची पानं वाचताना तो आठव.) वर म्हणालास, "आत्या, हे खुलं जग आहे. हवं तिथं जा, हवं ते करा."

खुलं जग! गोटू, तुझ्या त्या खुल्या जगात गावभर घरं आहेत आणि त्यातल्या तीन घरांची दारं उघडतात. बाकीची नुसती रंगवलेली. मी प्रत्येक दार वाजवून पाहिलं, कारण कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी आम्हांला दार वाजवल्याशिवाय आत जायचं नाही असं शिकवलं होतं. तुमच्याकडे उलट आहे. जी तीन दारं उघडतात तिथं न विचारता घुसायचं, घरमालकाच्या डोळ्यांदेखत त्याचं कपाट उपसायचं, मेणबत्त्यांसकट सगळं पिशवीत भरायचं, आणि तो माणूस शांतपणे म्हणणार, "आज हवा बरी आहे." लोहारही तेच म्हणतो. वादळात म्हणतो. त्याच्या छपराला आग लागली होती तेव्हाही त्याने मला हवा बरी असल्याचं सांगितलं. अशा पेशंटला आम्ही रात्रभर देखरेखीखाली ठेवत असू.

नकाशाबद्दल तर बोलायलाच नको, म्हणून बोलते. उंच बुरुजावर चढल्याशिवाय नकाशा दिसत नाही, हे कुणाच्या डोक्यातून निघालं? गावातल्या एकालाही शेजारचं गाव कुठे आहे ते माहीत नसावं? बरं, चढले. तुमची ती बाई (म्हणजे मीच, पण तलवारवाली) उभ्या कड्यावर पालीसारखी चढते आणि गुडघ्याएवढ्या कुंपणापुढे हतबल उभी राहते. अस्वलाशी कुस्ती खेळते आणि कमरेएवढ्या पाण्यात बुडून मरते. अकरा तलवारी पाठीवर घेऊन धावते, त्यात एक कांदा वाढला की रांगायला लागते. तर अशा बाईला बुरुजावर चढवून नकाशा उघडला, तर नकाशाला गोवर आलेला. लाल ठिपके, पिवळे ठिपके, निळे ठिपके. प्रत्येक ठिपक्याखाली एक धडधाकट माणूस बसलेला आणि त्याला स्वतःचं काहीतरी माझ्याकडून शोधून हवंय. एकाचा हातोडा त्याच्या पाठीमागे पडला होता. मी उचलून दिला. त्याने मला वीरांगना म्हटलं.

ताईला मात्र हे सगळं आवडलं. का आवडलं ते मला पहिल्या दिवशी कळलं नाही, दुसऱ्या दिवशी कळलं. नदीच्या काठी एक पडकी झोपडी आहे, ती दुरुस्त करून घर करता येतं. गोटू, तुझ्या आतोबांची नोकरी बदलीची होती. ताईचा संसार आयुष्यभर सरकारी क्वार्टरमध्ये झाला, जिथे भिंतीत खिळा ठोकायचा तर वर अर्ज करावा लागतो, आणि आता ती माझ्या घरात राहते, जिथे अर्ज करूनही उपयोग होत नाही. (मला भिंतीला भोकं आवडत नाहीत. तो वेगळा विषय आहे.) कपाट कुठे ठेवायचं हे तिने जन्मात पहिल्यांदा स्वतः ठरवलं ते त्या झोपडीत. दाराशी निळी फुलं लावली, खिडकीखाली बाक ठेवला, घोडी बांधायला गोठा केला, आणि लोकांच्या घरातून ढापून आणलेल्या मेणबत्त्या ओळीने मांडल्या. शाळेत चित्रकला शिकवायची तेव्हा पोरांच्या एका खोडरबरावरून वर्ग डोक्यावर घेणारी बाई ही! पण ती बसत होती. तासभर म्हणता दोन तास, ताठ, पाठीला उशीसुद्धा न घेता. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाई थक्क झाल्या. मी तुझ्या कंपनीची शंभर पापं तिथल्या तिथे माफ करायला तयार होते.

आता माझ्या बाजूचं ऐक. खेळ जतन करायला तुम्ही जागा ठेवली आहे एक. एका घरात दोन माणसं राहू शकतात, हे खुलं जग रचणाऱ्या तुमच्यासारख्यांना सुचलं नाही. म्हणजे बाई एक, गोष्ट एक, आणि खेळणाऱ्या दोघी. सकाळ माझी, दुपार ताईची, अशी वाटणी झाली. मी सकाळी काय केलं असेल? खेळाच्या अगदी सुरुवातीला, ताईने अजून एक फूलही तोडलेलं नसताना, वैदूने मला स्वच्छ सांगितलं होतं की नदीपलीकडच्या गिरणीवाल्याची मुलगी तापाने फणफणली आहे आणि हे औषध पहाटेपूर्वी पोचलं नाही तर ती वाचणार नाही. ऐकलंस? पहाटेपूर्वी. आणि औषध माझ्या पिशवीत. मी मेट्रन आहे. पिशवीत औषध आणि पलीकडे तापाचं पोर असताना मी निळी फुलं लावू? मी सकाळी बाईला नदीवरच्या पुलाकडे पळवायची. दुपारी ताई तिला परत आणायची आणि पडद्यांचं कापड शोधायला दुसऱ्या गावाला न्यायची. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा पळवायची. मधे तुमचा एक म्हातारा वाटाड्या. तो माझ्या चालण्यापेक्षा भरभर आणि धावण्यापेक्षा हळू चालतो, म्हणजे त्याच्यासोबत जायला दोन पावलं पळायचं आणि थांबायचं. माझ्या वॉर्डातले टाके घातलेले पेशंट याहून शहाण्यासारखे चालत. मी तुला फोन करून विचारलं, की पहाट नक्की किती वाजता होते? तू हसलास. म्हणालास, "आत्या, ते मनावर घ्यायचं नसतं. ती मुलगी थांबते."

ताप मनावर घ्यायचा नसतो! हे वाक्य माझ्या हाताखालच्या एखाद्या नर्सने उच्चारलं असतं तर तिला मी त्याच दिवशी चादरी मोजायला बसवलं असतं. थांबते म्हणे. मग पहाटेपूर्वी असं कशाला सांगितलंत? सवडीने ये, असं सांगायचं होतं.

तर मंगळवार, दिनांक नऊ. दुपार, म्हणजे वेळ ताईची, हे मी नाकारत नाही. पण ताई खुर्चीत बसल्या बसल्या घोरत होती आणि कंट्रोलर तिच्या मांडीवरून घरंगळत होता. पडून फुटला असता. मी तो वाचवला. हातात आला तेव्हा आमची बाई योगायोगाने पुलाच्या तोंडाशी उभी होती (ताई तिथे लव्हाळी कापायला आली होती), औषध पिशवीत होतं, आणि समोर गिरणीत दिवा दिसत होता. गोटू, मी पूल ओलांडला. माझ्या जागी कुणीही सुजाण माणूस ओलांडेल. मागे परतता येणार नाही, अशी एक ओळ कुठे लिहिली होती? नव्हती. लोहाराची हवा तुम्ही हजार वेळा सांगता, आणि जी एक गोष्ट सांगायला हवी तिथे तोंडाला कुलूप! मी पलीकडे पाऊल ठेवलं आणि ढोल वाजले, दगड उडाले, सगळा पूल धडाधड नदीत गेला. त्या आवाजाने ताई जागी झाली. तिने डोळे उघडले तेव्हा पडद्यावर धूळ होती, धुळीपलीकडे, नदीच्या त्या बाजूला, तिचं घर दिसत होतं, आणि कोपऱ्यात अक्षरं आली, "खेळ जतन झाला."

घोडी खिंकाळली. ते तरी तुम्ही गाळायला हवं होतं.

ताई ओरडली असती तर निभावलं असतं. तिने कंट्रोलर माझ्या हातून काढून घेतला, बाईला पाण्यात घातलं, बाई बुडाली. पुन्हा घातलं, पुन्हा बुडाली. असं ती संध्याकाळपर्यंत करत होती. मग वॉकर ओढला आणि जाऊन आडवी झाली. त्यानंतर ती खुर्चीत बसलेली नाही. भिंतीकडे तोंड. माझ्याशी बोलणं बंद. चहा हवा असेल तर व्यायामाच्या बाईंना म्हणते, "यांना सांगा." यांना! सख्ख्या बहिणीला! बाई काल मला बाजूला घेऊन म्हणाल्या, असं पडून राहिल्या तर सांधा आखडेल आणि मग चालण्याची खात्री देता येणार नाही. मला हे समजावून सांगावं लागत नाही. आखडलेल्या सांध्यांमध्ये माझं आयुष्य गेलंय.

आणि पलीकडे काय झालं, तेही ऐकून ठेव. ताई आडवी झाल्यावर मी धापा टाकत गिरणीत शिरले. मुलगी पलंगावर कण्हत होती. बापाने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "आलीस? आधी मला सात पांढरी पिसं आणून दे." मी कंट्रोलर खाली ठेवला, तो आजतागायत उचललेला नाही.

तुमच्या कंपनीच्या मदत कक्षाला मी लिहिलं होतं. उत्तर आलं की पूल कोसळणे हा कथेचा महत्त्वाचा भाग आहे आणि आपल्या उत्साहाबद्दल आभार. उत्साह! तेव्हा आता कक्षाला नाही, मुख्य रचनाकार म्हणून मिरवणाऱ्या भाच्याला लिहिते आहे. पूल बांधून दे. पूल नसेल तर होडी ठेव, होडी नसेल तर त्या बाईला पोहायला शिकव. मी ताईची माफी मागितलेली नाही आणि मागणार नाही. मी तापाच्या पोराला औषध न्यायला निघाले होते, आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा निघेन. चूक तुझी आहे. निस्तरायची तू.

कळावे, लोभ तुझ्या वागणुकीवर अवलंबून.

तुझी धाकटी आत्या

ता. क. हे पत्र लिहिल्याचं ताईला कळू देऊ नकोस. मी तिची बाजू मांडते आहे असा तिचा गैरसमज व्हायचा.

ता. क. दोन. पाकीट आणायला बाजारात गेले होते. परत आले तर पलंग रिकामा. मी न्हाणीघरात धावले, तिथे नाही. ताई बाहेरच्या खोलीत, खुर्चीत, ताठ. वॉकर घेऊन, कुणाचा हात न धरता, उंबरा ओलांडून गेली. आणि काय करत होती? नवा खेळ सुरू करत होती! जतन करायची जागा एकच, त्यामुळे माझा कडा, माझे बुरुज, गिरणीवाला, सगळं पुसून साफ. मला विचारलंसुद्धा नाही. आता तुमच्या त्या बाईचा चेहरा बनवत बसली आहे. मागच्या वेळी आयता घेतला होता, या वेळी हनुवटीपासून सुरुवात. मी दारातच उभी राहिले, तर मान न वळवता म्हणाली, "अगं, ये इकडे, बघ. नाक अगदी तुझ्यासारखं आगाऊ झालंय. राहू दे का?"

मी म्हटलं, राहू दे.

ता. क. तीन. पूल राहू दे पडलेला. आता निकडीची मागणी वेगळी आहे: जतन करायला दुसरी जागा. माझं नाक लावून ती बाई तीन महिने लव्हाळी कापत हिंडणार आणि मी शेजारी बसून बघणार, हे माझ्याच्याने होणार नाही. वैदूने तिच्या हातात औषध ठेवलं आहे, आणि ताईने ते पडद्याच्या कापडाखाली ठेवून दिलं आहे. तुझं उत्तर लेखी हवं, फोनवर हसणं चालणार नाही. शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत ते माझ्या हातात पडलं पाहिजे. पाचनंतर मी थेट तुझ्या कचेरीत येईन, आणि येताना ताईलाही घेऊन येईन. ती चालायला लागली आहे.