गाडीची आवड असलेला कुत्रा

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे प्रत्यक्षात घालता येत नाही, म्हणून पत्रातच उरकून घेतो.) इकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे मी आहे आणि ट्रक आहे. तुझं पत्र आमच्या ऑफिसात पंधरा दिवस पडून होतं, ते आज हाती आलं. त्यात तू तीन प्रश्न विचारलेस: गुडघा कसा आहे, वेळेवर जेवतोस का, आणि आमच्या मागच्या खोलीत राहायला कधी येतोस. गुडघा आहे. जेवतो. तिसऱ्याचं उत्तर शेवटी देईन, कागदावर जागा उरली तर. फोन का केला नाहीस म्हणशील, तर फोनवर तू तिसरा प्रश्न पहिला विचारतेस आणि मग मला बोलू देत नाहीस.

दाजींची मोटार, जी गेली अकरा वर्षं पुढच्या रविवारी दुरुस्त व्हायची आहे, ती न्यायला या शनिवारी भंगारवाला येतोय हे वाचून बरं वाटलं. उत्तम केलंस. अंगण तरी मोकळं होईल. दाजी दोन दिवस तोंड फुगवून बसतील, पण जी गाडी चालत नाही तिला गाडी का म्हणावं, हे माझं पहिल्यापासूनचं मत आहे.

आता बातमी. मी कुत्रा पाळला आहे. लगेच कपाळावर हात मारून घेऊ नकोस, आधी कारण ऐक. गेल्या महिन्यात, दुपारी चार वाजता, लख्ख उजेडात माझा डोळा लागला आणि ट्रक रस्ता सोडून एका रोपवाटिकेत शिरला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. कुंपण गेलं आणि गुलाबाच्या दोन रांगा गेल्या. रोपवाटिकेचा माळी भला माणूस, त्याने मला आधी पाणी दिलं आणि मग शिव्या दिल्या. (हे मी तुला कळवलं नव्हतं. आता कळवलं.) आमच्या मालकांनी मात्र साफ सांगितलं, की सव्वीस वर्षं झाली ती झाली, यापुढे लांबच्या फेरीला एकट्याने जायचं नाही, शेजारी कुणीतरी जागं पाहिजे. त्यांनी एक जोडीदारही दिला. माणूस सज्जन, पण स्वतःच्या पोटाच्या तक्रारी सांगायची भारी हौस, आणि त्याही लहानपणापासून, एकही वर्ष न गाळता. तीन दिवसांत आम्ही त्याच्या चाळिशीपर्यंत पोचलो. चौथ्या दिवशी मी मालकांना विचारलं, की ‘कुणीतरी’ म्हणजे माणूसच असायला हवा का? ते फोनवर दुसऱ्याच कुणाशी तरी भांडत होते, त्यांनी हाताने ‘जा, काय हवं ते कर’ अशी खूण केली. ती मी परवानगी धरली.

तुला वाटतं तसं मला एकटं वगैरे वाटत नाही. तुझी भावजय जाऊन चार वर्षं होतील. त्यानंतर मी लांबच्या फेऱ्या मागून घेतल्या त्या घराचं कुलूप उघडून आत जावं लागू नये म्हणून, हे तुला न सांगताच कळलेलं आहे. पण कुलूप उघडायला नको वाटणं निराळं आणि एकटं वाटणं निराळं. दुसरं मला वाटत नाही. नोंद असावी म्हणून लिहिलं.

तर शहराबाहेर टाकून दिलेली कुत्री सांभाळणारी एक संस्था आहे. तिथल्या बाईंनी माझ्यापुढे चार पानी अर्ज ठेवला. (मला ट्रक चालवायचा परवाना मिळाला तेव्हा एक पान होतं.) घराला खोल्या किती? मी लिहिलं, एक, पण तिला सहा चाकं आहेत. कुंपणाची उंची? कुंपण नाही, पायरी मात्र चांगलीच उंच आहे. कुत्रा दिवसाचे किती तास घरी एकटा राहील? मी खरं ते लिहिलं, की घरी मीच नसतो. बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, घर बघितल्याशिवाय आम्ही कुत्रा देत नाही. मी म्हटलं, चला, घर फाटकाशीच उभं आहे. बाई खरोखर केबिनमध्ये चढल्या. टेप लावून सीट मोजली, बिछाना दाबून बघितला, आरशाच्या मागे खोचलेला तुझ्या भावजयीचा फोटोही बघितला. खाली उतरल्या तेव्हा त्यांचा आवाज जरा खाली आला होता. म्हणाल्या, “गाडीची आवड असलेला एक आहे आमच्याकडे.”

अंगणाच्या कोपऱ्यात एक जुनी व्हॅन होती. तिच्या मागच्या सीटवर, बरोबर मधोमध, एक तपकिरी, पोक्त कुत्रा बसला होता. एक कान उभा, एक पडलेला, आणि चेहरा असा, की ड्रायव्हर चहाला गेलाय आणि उगाच वेळ काढतोय. त्यावरूनच त्यांचं नाव साहेब पडलेलं. दोन वर्षं झाली, ऊन असो पाऊस असो, साहेबांचा मुक्काम व्हॅनमध्ये. जेवायला उतरायचे आणि परत चढून बसायचे. मी ट्रकचं दार उघडून धरलं. साहेब आले, टायर हुंगला, पुढचे दोन पाय पायरीवर ठेवले आणि मागचा भाग माझ्यावर सोपवला. मी उचलून वर ठेवलं, तर डाव्या सीटवर जाऊन समोर बघत बसले. ताई, मला भरून आलं. मनात म्हटलं, हा जन्मजात गाडीवाला. आणि त्या भरात, उभा जन्म गाड्यांत काढलेल्या माणसाने जे पहिल्यांदा बघायला हवं ते मी बघितलंच नाही. त्या व्हॅनला चाकंच नव्हती. चार कोपऱ्यांना विटा लावून ती उभी केली होती, आणि इंजिनाच्या जागी एक मांजरी व्यायली होती.

मी किल्ली फिरवली तेव्हा उलगडा झाला. साहेबांना गाडीची आवड आहे. ती चालू करण्याची नाही. पहिल्या गिअरला ते थरथरले, दुसऱ्याला कण्हले, तिसऱ्याला त्यांनी गळा काढला, आणि चौथ्याला ओकले, तेही मालाच्या कागदांवर. (त्या खेपेला माल होता एका हॉटेलची बेसिनं आणि कमोड, मिळून अडीचशे नग. मागे एवढी सोय असताना कागदच का, हे मी विचारलं नाही.) गाडी थांबवून किल्ली काढली की साहेब पुन्हा साहेब, मान ताठ, नजर समोर. मग काय करतो, दर अर्ध्या तासाने थांबत गेलो. एका दिवसाची वाट तीन दिवसांत कापली. सव्वीस वर्षं ज्या रस्त्याने जातो त्या रस्त्याला लागून एक तळं आहे, हे मला या वेळी कळलं. तिथे एक म्हातारा होडी रंगवत होता. मी साहेबांना घेऊन बसलो आणि बोलायला लागलो, आधी तळ्याबद्दल, मग तुझ्याबद्दल, मग तुझ्या भावजयीबद्दल, जे मी चार वर्षांत कुणाशी बोललो नव्हतो. साहेब ऐकून घेतात. मध्येच स्वतःचं पोट काढत नाहीत.

वाटेत जनावरांच्या डॉक्टरला दाखवलं. त्याने गोळी दिली, निघायच्या आधी पावातून द्या म्हणाला. साहेबांनी पाव खाल्ला आणि गोळी चाटूनपुसून परत केली. ती मी खिशात टाकली, ज्या खिशात माझी गुडघ्याची गोळी असते. पुढचं तू ओळखलंस. गाडी उभी होती हे नशीब. सकाळी दहाला मिटलेले डोळे दुपारी तीनला उघडले. साहेब माझ्या मांडीवर डोकं ठेवून टक्क जागे होते आणि फोनवर मालकांनी अकरा वेळा हाका मारून ठेवल्या होत्या. ‘शेजारी कुणीतरी जागं पाहिजे’ ही त्यांची अट मी तंतोतंत पाळली, हे सांगून बघितलं. उपयोग झाला नाही. खरं सांगतो ताई, चार वर्षांत इतका गाढ मी झोपलो नव्हतो.

हॉटेलचं उद्घाटन होऊन दोन दिवस झाल्यावर कमोड पोचले. मधल्या काळात पाहुण्यांनी काय केलं हे विचारायची माझी छाती झाली नाही. मालकांनी बोलावून दोन वाटा दाखवल्या: कुत्रा परत करून लांबच्या फेरीवर नीट जा, नाहीतर कुत्र्यासकट गाडीतळावर बस. तळावर बसायचं म्हणजे उभ्या ट्रकांवर नजर ठेवायची आणि दुसऱ्यांच्या किल्ल्या सांभाळायच्या. मी म्हटलं, मेलो तरी बसणार नाही. आणि साहेबांना परत द्यायला निघालो.

संस्थेच्या बाईंनी कपाटातून माझा अर्ज काढला. मी इंजिन चालूच ठेवलं, म्हटलं लगेच निघायचं, उगाच रेंगाळायला नको. साहेबांना खाली उतरवलं तसे ते तडक कोपऱ्याकडे गेले. तिथे व्हॅन नव्हती. आदल्याच आठवड्यात भंगारवाला घेऊन गेला होता. (त्यांचंही बरोबर आहे, जागा अडत होती.) पिवळ्या पडलेल्या गवताचा तेवढा एक चौकोन उरला होता आणि कोपऱ्यांना विटा. साहेबांनी चौकोनाभोवती एक फेरी मारली, मग आत जाऊन, मागची सीट जिथे असायची बरोबर तिथे, मधोमध बसले आणि समोर बघत राहिले. ते बघून मला माझं घर आठवलं आणि मी परक्या अंगणात, परक्या बाईंसमोर, लहान मुलासारखा रडलो. बाईंनी माझा अर्ज पुन्हा कपाटात ठेवला. थोड्या वेळाने साहेब उठले, ट्रकपाशी आले, पुढचे दोन पाय पायरीवर ठेवले आणि मागचा भाग माझ्यावर सोपवला. इंजिन चालू होतं, ताई. तरी आले.

बाकी विशेष काही नाही. दाजींना नमस्कार सांग. तू तुझ्या तब्येतीला जप, पाय दुखत असताना जिने चढू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. साहेब चावत नाहीत. दाजींना हे आधीच सांगून ठेव. का ते पुढच्या ता. क. मध्ये.

ता. क. दुसरा. मी गाडीतळाला हो म्हणून आलो. तळ कुठे आहे ते सांगायचं राहिलं. तुझ्या घरापासून चालत दहा मिनिटं, पाण्याच्या टाकीच्या मागे. तिथे रोज चौदा ट्रक उभे असतात, म्हणजे साहेबांची कायमची सोय झाली. तुमची ती मागची खोली अजून रिकामी आहे का? हेच तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर समज.

ता. क. तिसरा. भंगारवाल्याला येऊ नकोस म्हणून कळव. दाजींनाही हात जोडून सांग, की मोटार आहे तशी राहू द्या, दुरुस्त तर मुळीच करू नका. जी गाडी चालत नाही तिच्याबद्दलचं माझं मत मी मागे घेतो.

ता. क. शेवटचा. पोस्टाने हे पोचेपर्यंत शनिवार उलटून जाईल, म्हणून मीच आणून तुझ्या फाटकाच्या पेटीत टाकतो आहे. कोपऱ्यावरचा ट्रक माझाच. साहेब मघाशीच फाटकाखालून आत शिरले, दाजींच्या मोटारीचं दार लागत नाही हे त्यांना न सांगता कळलं, आणि आता ते मागच्या सीटवर बसून समोर बघताहेत. दहा मिनिटं झाली, मी केबिनमध्ये एकटाच आहे. एकटं वाटत नाही असं मी वर जे लिहिलंय ते खोडायचं होतं, पण पत्र फार लांबलंय, आता कुठे शोधत बसू. फाटक उघड.