जोत्यात गेलेले स्फटिक

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. शिरसाष्टांग लिहायला हात वळत नाही. फोन तुम्ही मध्येच ठेवता, म्हणून हे पत्र.

मी हैदराबादला बरी आहे. वेळेवर जेवते. तुमचा गुडघा कसा आहे?

जितेशने, तुमच्याच लेकाने, मला सगळं सांगितलं. वरसेतल्या नव्या घराच्या जोत्याला भराव कमी पडला, तेव्हा तुम्ही माझ्या स्फटिकांच्या पेट्या त्यात ओतायला लावल्यात. तो नको म्हणत होता. तुम्ही म्हणालात, "दगडच हायत ना? ते गेले म्हंजे पोरगी लग्नाला उभी राहील."

बाबा, ते आईचे होते. खडीच्या खाणीवर काळा दगड फुटून आतल्या पोकळीत हिरवा स्फटिक दिसला, की ती तो पदरात बांधून आणायची. "यांच्या कडा एवढ्या सरळ कोण पाडतो गो?" असं मला विचारायची. ते शिकायलाच मी इथे आले. ती गेल्यावर तिचं तेवढंच उरलं होतं, आणि हे तुम्हाला ठाऊक होतं.

आता माझ्या लग्नाचं नाव काढू नका. वास्तुशांतीलाही मी येणार नाही. त्या घरात चालताना पाय हळू टाका.

आईची मुलगी,
प्रतिक्षा