परस्पर पुढच्या सहलीला

प्रिय धाकटे,

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोनवर आपण जावाजावा एकमेकींना वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून लिहितेय. मंडळी धबधबा बघायला गेलीत. मी गुडघ्याचं निमित्त सांगून हॉटेलच्या खोलीत बसलेय. धबधबा मागच्या सहलीतही होता, आणि पाणी तेव्हाही वरून खालीच पडत होतं.

थोरलीची चैन आहे, असं तू सगळ्यांना सांगतेस म्हणे. आहेच. हे गेल्यापासून तुझ्या पुतण्याने देशाचं एकही टोक मला दाखवायचं शिल्लक ठेवलेलं नाही. आधी बर्फ झाला, मग वाळवंट, मग समुद्र, आता हे जंगल. दर मुक्कामाला भाषा बदलते, पाणीसुद्धा हातवारे करून मागावं लागतं. फोटोत मागचा देखावा तेवढा वेगळा. चेहरा सगळीकडे एकच, आता बसू का, असं विचारणारा. सहलीचा मॅनेजर पोरगा गोड आहे, पण त्याचे विनोद ठरलेले. मी हल्ली त्याच्या आधीच हसून घेते. बसमधल्या जागा रोज बदलतात, आज पुढे बसलेला उद्या एक रांग मागे. काल माझी पाळी शेवटच्या बाकावर होती, हाडं अजून ठणकताहेत.

घरचं सांगायचं तर, पहिल्या सहलीवरून आले तेव्हा माझ्या खोलीत नातवाचं टेबल आलं होतं. अभ्यासाला शांतता हवीच. दुसऱ्या खेपेला माझं कपाट बाल्कनीत गेलेलं. तिसऱ्या खेपेला पलंगच दिसेना. हॉलमधला नवा सोफा उघडला की त्याचाच पलंग होतो, हे सुनेने मला मोठ्या हौसेने दाखवलं. होतो खरा, पण टीव्ही बंद झाल्याशिवाय सोफा उघडत नाही, आणि टीव्ही काही लवकर बंद होत नाही. मग मी डुलक्या घेत बसते आणि सगळे म्हणतात, आईला मालिका फार आवडतात.

वाईट नाहीत गं ती. सून औषधांच्या पुड्यांवर वार लिहून देते. मुलगा रोज फोन करून, जेवलीस का, विचारतो. घरच लहान आहे, त्याला कोण काय करणार? या खेपेला खोलीत सोबतीला एक निवृत्त नर्सबाई आहेत. त्या म्हणाल्या, मुलगा भारी हौशी हो तुमचा. मी हो म्हटलं, बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून पोटभर रडले.

कारण काल त्याचा फोन आला होता. पुढची सहलही ठरवलीय त्याने, डोंगरांची. म्हणाला, आई, मध्ये घरी कशाला येतेस, उगाच दगदग. मॅनेजर तुला परस्पर दुसऱ्या बसमध्ये बसवून देईल, गरम कपडे मी पाठवतो. मी बरं म्हटलं. मग भरलेल्या बॅगेकडे बघत राहिले. धाकटे, मी दमले गं. मला आता काही बघायचं नाही.

आपण एका ओट्यापाशी काय काय भांडलो! डब्याचं झाकण कुणी उघडं टाकलं, मीठ कुणी दोनदा घातलं. वेगळ्या झालो तेव्हा दोघींनीही हुश्श केलं होतं. पण मीठ कुणी घातलं, हे विचारणारं तरी माझं आता कोण उरलंय? ही सहल संपते तिथून तुझ्याकडे थेट गाडी आहे, मी मॅनेजरला विचारून ठेवलंय. पुतण्याला अजून काही बोलले नाही, आधी तुला विचारतेय. येऊ का? पाहुणी म्हणून नाही, राहायला. नाही म्हणायचं असेल तरी फोन कर, मी मध्ये तोडणार नाही. आणि हो म्हणालीस, तर तुझ्या मागच्या खोलीतलं शिलाई मशीन माझ्यासाठी हलवू नकोस. त्याच्या शेजारी माझं अंथरूण मावेल.

तुझीच, भांडकुदळ,
थोरली