इग्वानाची अंडी

दादा,

तू माझ्याकडे सोपवलेल्या इग्वानाने परवा अंडी घातली. डॉक्टर म्हणाले, "नराशिवायही मादी अंडी घालते, पण यांत जीव धरलाय." तेव्हाच वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. नर तुझ्याकडे आहे, तिचाच सख्खा भाऊ, आणि माझ्या घराची किल्लीही. अशी पिल्लं दुबळी निघतात, त्यांना सांभाळणारं कुणी मिळत नाही, म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी अंडी गोठवून टाकली, म्हणजे आतली वाढ थांबेल.

काल तू फोनवर विचारलंस, "अंडी उबेला ठेवलीस ना?" मी तुला काहीच सांगितलं नव्हतं.

"कसली अंडी?" मी म्हटलं. तू हवापाण्याच्या गप्पा सुरू केल्यास.

हे पत्र पाठवणार नाही. तू गोड बोलशील आणि मी विरघळेन. कुलूप मात्र बदललंय. यायचं असेल तर बेल वाजव.

तुझी धाकटी