मिस्टर विली आणि क्वानची बदकं

५ एप्रिल, शुक्रवार
चिंगमिंग, पितरांच्या कबरी साफ करायचा दिवस. सकाळी फोंगबरोबर क्वानच्या कबरीवर जाऊन आलो. गवत काढलं. संत्री आणि उकडलेली कोंबडी ठेवली. बायको गेल्यानंतरचं पहिलंच चिंगमिंग, म्हणून सगळं नीट व्हायला हवं होतं. झालं. फक्त फोंगला, म्हणजे क्वानच्या धाकट्या बहिणीला, तिथे पोचल्यावर आठवलं की फेब्रुवारीत, गेलेल्याला तिकडे वस्तू पोचाव्यात म्हणून कागदी जाळतात तसा, आपण ताईसाठी कागदी फोन जाळला, पण चार्जर जाळला नाही. म्हणाली, दाजी, ताई तिकडे बंद फोन हातात घेऊन बसली असेल. मी म्हणालो, कागदी फोनची बॅटरीही कागदी, ती उतरत नाही. म्हणाली, जन्मभर बाजारातले तराजू तपासलेत तुम्ही, वरचं तुम्हाला काय कळणार.

संध्याकाळी क्वानचा टॅब सुरू केला. त्यातले फोटो आणि मग टॅबही मुलीला, शू-टिंगला, सिंगापूरला पाठवायचा होता. चुकून बदकांचा गेम उघडला.
बदकं धष्टपुष्ट. दाण्याचं भांडं भरलेलं. दोन महिने या टॅबला कोणी हात लावलेला नाही.
कोणीतरी खायला घालतंय.

६ एप्रिल
नाव सापडलं. मिस्टर विली. गेममधल्या शेजारच्या महालात राहतो. टोपी, मिशी. क्वानच्या अंगणात येतो, दाणे टाकतो आणि मेसेज ठेवून जातो. रोज एकच. "जेवण झालं का? बदकं विचारत होती."
परक्या बाईला हे विचारायचं कारण काय?
निर्णय: शांत राहायचं. चौकशी करायची. वजनमाप खात्यात मी लबाड मासळीवाले पकडलेत, हा कोण लागून गेला.
गेम खेळायचा नाही. फक्त निरीक्षण.

८ एप्रिल
निरीक्षणासाठी बदकांना एकदा दाणे टाकावे लागले. त्याशिवाय स्क्रीन पुढे सरकत नाही.
गेम अत्यंत वाईट आहे. बदकं भिंतीतून आरपार जातात. एक छतावर पोहतं. विहीर जमिनीपासून हातभर वर. सूचना अशा: "कृपया आनंदी मांसास भरवा." इंटरनेटवर लोकांचे अभिप्राय वाचले. एकाने पाचपैकी एक तारा दिला आहे आणि खाली लिहिलंय की तोही बोट घसरल्यामुळे.
क्वान दोन वर्षं हा गेम खेळत होती. मी तिला म्हणायचो, अगं चांगले गेम मिळतात. ती म्हणायची, हाच बरा आहे. तेव्हा मला ते साधं उत्तर वाटलं होतं.

१४ एप्रिल
शू-टिंगचा फोन. फोटो कुठे आहेत म्हणाली. काम चालू आहे म्हणालो. मागून क्वॅक क्वॅक ऐकू आलं तिला. पप्पा, तुम्ही मम्मीचा तो भिकार गेम खेळताय? मी म्हणालो, शेजाऱ्यांचा टीव्ही. शेजाऱ्यांकडे कशी काय बदकं, म्हणाली. निसर्गावरचा कार्यक्रम असेल म्हणालो.
खोटं बोललो असं नाही. तपास चालू असताना माहिती उघड करत नाहीत.

२२ एप्रिल
संशयित शोधायला कोपीटियाममध्ये, म्हणजे आमच्या नेहमीच्या कॉफीच्या दुकानात, सकाळी लवकर जाऊन बसलो. "जेवण झालं का" असं कोण म्हणतं त्यावर लक्ष ठेवायचं ठरवलं होतं.
कॉफी आणणारा म्हणाला. पेपर विकणारा म्हणाला. बुद्धिबळात माझ्याकडून हरणारे दोघेही म्हणाले. लॉटरीवाली बाई तर रस्त्यापलीकडून ओरडून म्हणाली.
अख्ख्या इपोह शहरात हेच विचारतात. विली हुशार आहे. गर्दीत मिसळून गेला आहे.

३ मे
सगळा संशय मिस्टर लाऊवर. क्वानच्या डान्स क्लासचा मास्तर. विधुर. मिशी आहे. अंत्यविधीला रुमाल घेऊन आला होता आणि तो वापरला.
विली रोज दुपारी साधारण चारला येतो. आज त्या वेळी लाऊ कोपीटियाममध्ये माझ्या समोरच्या टेबलावर होर फन, तांदळाच्या रुंद शेवया, खात होता. एका हातात चॉपस्टिक्स, दुसऱ्या हातात चमचा. मी टॅब मांडीवर धरला होता. चार वाजले, विली आला, दाणे टाकले, गेला. लाऊने मान वर केली नाही.
म्हणजे त्याचा कोणी साथीदार आहे.
बाहेर पडताना लाऊ माझ्यापाशी थांबला. मिस्टर थाम, जेवण झालं का? नाही म्हणालो आणि त्याच्याकडे रोखून पाहिलं. तो बिचकला. बसा ना मग, मागवतो काहीतरी, म्हणाला.
बसलो नाही.

१९ मे
वेसाक, बुद्धपौर्णिमा. बदकं आता बावीस. ही संख्या वाढवल्याशिवाय मागचं अंगण उघडत नाही, आणि मागचं अंगण तपासल्याशिवाय चौकशी पूर्ण होत नाही. एक सोनेरी बदकही घेतलं. ते उलटं चालतं.
फोंग बाव खायला देऊन गेली, सारण भरून वाफवलेले. दार उघडंच होतं. तिने मला बदकांना "ये ये ये" म्हणताना ऐकलं असावं.  पण बोलली ती चार्जरचंच. तिच्या स्वप्नात ताई आली होती, काळा पडदा असलेला फोन घेऊन. एक कागदी चार्जर, दाजी, त्याने तुमचं शिक्षण वाया जाणार नाही.

११ जून
लाऊच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पट्ट्या आहेत. मी भेटायला गेलो, पपई घेऊन. त्याच्या पलंगाशेजारी बसून चार वाजेपर्यंत थांबलो.
चारला मांडीवरच्या टॅबवर विली आला. "जेवण झालं का? बदकं विचारत होती."
दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, हात पांघरुणात, तरी मेसेज. माणूस सराईत आहे.
लाऊ म्हणाला, थाम, तू आलास, फार बरं वाटलं. क्लासमध्ये क्वान तुझंच सांगायची, बुद्धिबळात तुला कोणी हरवू शकत नाही म्हणून. मी विचारलं, आणखी काय सांगायची. म्हणाला, तेवढंच. संध्याकाळी तू कायम कोपीटियामलाच असायचास ना.
हे खरं आहे. मी तिथेच खाऊन घरी यायचो. तिला रात्रीचा वेगळा स्वयंपाक करावा लागू नये, हा हेतू. ती टॅब घेऊन बसलेली असायची. रमलेली दिसायची. मी उगाच मध्ये बोलायचो नाही.

१ जुलै
सापळा. माझ्या फोनवर त्याच गेममध्ये नवं खातं उघडलं. नाव: मिस रोझ. विधवा, वय पन्नास, पक्ष्यांची आवड.
चहा निवायच्या आत विली हजर. टोपी काढली. दाणे टाकले. "जेवण झालं का? बदकं विचारत होती."
शब्द न शब्द तोच.
क्वानला जाऊन सहा महिनेसुद्धा झाले नाहीत आणि हा दुसरीच्या अंगणात. मला क्वानच्या वतीने फार राग आला. मिस रोझने त्याला उत्तर दिलं नाही. तिला स्वाभिमान आहे.

३ जुलै
मिस रोझची बदकं उपाशी राहू नयेत म्हणून दोन्ही खाती सांभाळावी लागत आहेत. दिवस पुरत नाही. बुद्धिबळ बंद आहे.

२० जुलै
आज फोंगला सगळं सांगितलं. ओझं एकट्याने वाहवत नव्हतं. विलीचे मेसेज दाखवले. मिस रोझचं प्रकरणही सांगितलं. मला वाटलं होतं ती संतापेल.
ती हसायला लागली. मग तिने स्वतःचा फोन काढला. तोच गेम. तोच विली, टोपी आणि मिशी. ताईनेच मला लावून दिला होता, म्हणाली. अहो दाजी, तो माणूस नाही. ज्याच्याकडे कोणी येत नाही, त्याच्याकडे कंपनी विलीला पाठवते. म्हणजे सगळ्यांकडेच. हा गेम आपण तिघांशिवाय खेळतंय कोण.
मी म्हणालो, पुरावा काय. तिने विलीच्या मेसेजखालचं "नाही" हे बटण दाबलं. विली म्हणाला, "छान. बदकं खूश झाली." मग "हो" दाबलं. "छान. बदकं खूश झाली."
मी विचारलं, क्वानला हे माहीत होतं? म्हणाली, पहिल्या दिवसापासून. मी तिला चिडवायचे, ताई, मशीनशी काय बोलतेस. ती म्हणायची, मशीन तर मशीन, विचारतं तरी.
फोंग मग भांडी घासायला गेली. भांडी घासलेलीच होती.

२१ जुलै
फोंगचं म्हणणं एकतर्फी असू शकतं.

२९ जुलै
नाही. बरोबर आहे तिचं.

१५ ऑगस्ट, गुरुवार
सातव्या महिन्याची पौर्णिमा, पितर घरी येतात तो दिवस. सकाळी कागदी सामानाच्या दुकानातून चार्जर आणला. रोजच्या कटकटीला कंटाळून, दुसरं काही नाही. पाकिटावर व्होल्टेज छापलेलं नाही. दुकानदाराच्या निदर्शनास आणून दिलं. म्हणाला, अंकल, आजपर्यंत कोणी बदलून घ्यायला आलेलं नाही.
संध्याकाळी दारासमोर पत्र्याच्या डब्यात जाळला. फोंगने कागदी नोटा जाळल्या, मी चार्जर. क्वानच्या आवडीचं होर फन ठेवलं होतं, मोड आलेल्या मुगासकट. वायर शेवटपर्यंत जळत नव्हती, काडीने ढकलावी लागली.
तेव्हा क्वानला विचारलं, जेवण झालं का. मोठ्याने नाही. फोंगला ऐकू गेलं नसावं. विचारल्यावर जरा थांबलो, कारण लगेच आत जाण्यासारखं काही नव्हतं.
फोंग म्हणाली, दाजी, डोळ्यात धूर जातोय, मागे सरका. सरकलो.
आत आलो. विली येऊन गेला होता. "जेवण झालं का? बदकं विचारत होती."
"नाही" दाबलं.
"छान. बदकं खूश झाली."
टॅब उद्या शू-टिंगला पाठवून देतो. परवा. सोनेरी बदकाने अंडी घातली आहेत, ती एकदा फुटली की.