मशीन वाचून राहिली

प्रताप नगर, नागपूर
१७ सप्टेंबर १९८५

प्रिय अरुंधती,

तुझं पत्र मिळालं. मी वाचलं, मग तुझ्या मामीला मोठ्यानं वाचून दाखवलं. कौशल्या मेथी निवडत होती. सगळं ऐकून तिनं एवढंच विचारलं की पोरगी वेळेवर जेवते का. तेव्हा आधी ते कळव, नाहीतर मला इथे भाकरी गोड लागू देणार नाही ती.

आता तुझा प्रश्न. 'दोन हजार सालचा संगणक' हा तुमच्या समितीचा अहवाल छापायला निघाला आहे आणि त्यात तुझ्या नावासकट लिहिलं आहे की छापील मराठी वाचणारं यंत्र तयार झालं. तयार झालेलं नाही. घ आणि ध मध्ये ते अजून घोटाळतं, जोडाक्षर आलं की अडखळतं. आणि जे झालं त्यावर पुन्हा कशाला खपायचं, म्हणून पुढच्या दहा वर्षांच्या आखणीतून तुझं कामच त्यांनी गाळून टाकलं. बोलावं तर भरल्या सभेत खोटं बोलली असं होईल, गप्प बसावं तर मशीन अर्धवट राहील. तू विचारतेस, मामा, काय करू.

उत्तराकडे येतोच. पण अरू, म्हातारपणी मला नसत्या चौकशांची खोड लागली आहे, हे तुला ठाऊक आहे. फेब्रुवारीत तुमच्या समितीची सभा इथे नागपुरात भरली आणि सिव्हिल लाइन्सच्या त्या हॉलमध्ये तू मला मागच्या रांगेत बसवलंस, तेव्हापासून माझ्या डोक्यात एक किडा वळवळतो आहे. हे भविष्य नेमकं घडतं कुठे? मला वाटायचं प्रयोगशाळेत घडत असेल, तारांच्या गुंत्यात. त्या दिवशी पाहिलं तर ते चहाच्या कपांभोवतीच घडत होतं. दिल्लीचे एक, बंगलोरचे दोघं, मुंबईची तुम्ही मंडळी. ज्यानं त्यानं उठावं आणि फळ्यावर दोन हजार सालचं घर काढावं. आणि गंमत अशी की सगळ्यांचं घर एकच! दिवाणखाना, टेबलावर मशीन, समोर टाय लावलेला गृहस्थ. एकाच्याही घरात चूल नाही, आजी नाही, वाळत घातलेलं लुगडं नाही. मी शेजारी बसलेल्या एका मास्तरांना हळूच विचारलं, हे सगळे एकाच चाळीत राहतात का? ते म्हणाले, नाही हो, सगळे तीच ती मासिकं वाचतात.

हसू नकोस, मी टिंगल करत नाही. मला ते फार आवडलं होतं. आमच्या छापखान्यातही असंच चालायचं. एकानं मजकूर जुळवताना 'विद्यार्थी' ऱ्हस्व केला की त्याचं बघून दुसरा करायचा, मग तिसरा म्हणायचा की दोघांनी केलंय म्हणजे तसंच असेल. शेवटी गावभर तोच शब्द बरोबर. मी शाळेत चौथीपर्यंत गेलो, बाकीचं सगळं छपाईचे शिशाचे खिळे जुळवता जुळवता उलट्या अक्षरांतून शिकलो. त्यामुळे शब्द कुठून निघतो आणि कुठे जाऊन बसतो, याचं मला भारी नवल वाटतं.

तर तुझी पाळी आली. संध्याकाळचं सत्र, गावातले लोक बसलेले, मराठीत बोला असा आग्रह. तू आधी छान मुंबईची मराठी बोलत होतीस, इस्त्री केल्यासारखी. मग मामी बायकांच्या पुढच्या रांगेत दिसली, तू खुललीस, आणि तुझ्या तोंडून निघून गेलं, "आमची मशीन मराठी वाचून राहिली." आम्हा नागपूरकरांना काय कळलं? की वाचतेय, प्रयत्न चालू आहे, आज एक अक्षर, उद्या दोन. पण समितीचे अध्यक्ष म्हणून बसले होते मधुकरराव, पक्के पुण्याचे. तिकडे राहिली म्हणजे थांबली. वाचून मोकळी झाली आणि आता स्वस्थ बसली! त्यांचा चेहरा कसा उजळला, मला अजून दिसतो. त्यांनी टाळी वाजवली, मग हॉलनं वाजवली. मीसुद्धा वाजवली, माझ्या भाचीला टाळ्या पडतात म्हणून. पुढचा वक्ता उठला तो त्या टाळीवर पाय देऊनच. म्हणाला, मशीनला वाचता येतंच आहे तर वाचनालयं तिच्या हवाली करू. त्याच्या पुढचा म्हणाला, कोर्टाची दप्तरं. दिवेलागणीपर्यंत दोन हजार सालची आख्खी माडी उभी झाली आणि तिचा पहिला दगड होता आपल्या गावची एक क्रियापदाची लकब.

तू तेव्हाच का बोलली नाहीस, हे तू पत्रात लिहिलं नाहीस. मी विचारतही नाही. तुझी आई गेल्यावर तू आमच्याकडे आलीस, इथून मुंबईच्या वसतिगृहात गेलीस, तेव्हा पहिल्या सुट्टीत घरी येऊन 'मले-तुले' म्हणणं बंद केलं होतंस. मुली हसतात म्हणालीस. मामीला वाईट वाटलं होतं, तिनं दाखवलं नाही. टाळ्या वाजत असताना उठून सांगायचं की माझी मराठी तुम्हाला कळली नाही, हे सोपं नसतं बाई.

इकडे सगळं ठीक. परवा तान्हा पोळा झाला, पोरांनी आपापले लाकडी बैल मिरवले. शेजारच्या शोभाताईंच्या नातीनं तिच्या लाकडी बैलाच्या पाठीवर बुटाचा खोका बांधला आणि त्यावर कॉम्प्युटर असं लिहिलं. मी विचारलं, का वं, हा काय करतो? ती म्हणाली, अजून काही नाही करत, पण करणार आहे. तुमच्या समितीत हिला घ्यायला हरकत नाही.

आता हे पत्र घाईनं का लिहितो आहे ते सांगतो. काल दुपारी मधुकरराव आपल्या घरी आले. व्याख्यानासाठी नागपुरात आले आहेत, धरमपेठेत मित्राकडे उतरलेत. पत्ता विचारत विचारत आले, घामाघूम. पाणी प्यायले आणि म्हणाले की दिल्लीच्या बैठकीत त्यांना कुणीतरी ठासून सांगितलं, मराठीचं वाचन सुटलेलं आहे. त्यांना बरं वाटलं, दुसऱ्याकडूनही तेच कळलं म्हणून. तुम्हाला कुणाकडून कळलं असं त्याला विचारलं तर म्हणे बंगलोरहून. बंगलोरला विचारलं तर ते म्हणाले, साहेब, तुमच्याच तोंडून! तेव्हापासून त्यांना झोप नीट नाही. आणि काल सकाळी मित्राची सून, प्रेमिला, आतून म्हणाली, काका, चहा करून राहिली मी. हे वाट बघत बसले. चहा झालेला आहे तर येत का नाही? शेवटी उठून स्वयंपाकघरात डोकावले, तर आधण अजून उकळायचं होतं. तिथे चुलीसमोर उभ्या उभ्या त्यांना तुझं वाक्य आठवलं.

मग त्यांनी मला सरळच विचारलं, की तुमच्या भाचीनं नेमकं काय म्हटलं होतं. खरं सांगतो, उत्तर माझ्या जिभेवर होतं. एका शब्दात तुझी सुटका झाली असती. पण माझ्या तोंडून गेलं असतं तर ती मामाची रदबदली झाली असती, तुझं म्हणणं नाही. मी म्हटलं, "तिलेच विचारा न, बाप्पा." मग त्यांनीच हळूच म्हणून पाहिलं, "वाचून राहिली." जीभ वळत नव्हती, पण म्हटलं. ते शुक्रवारी मुंबईत पोचतात, अहवाल छापखान्यात जायच्या आधी तुला एकटीला गाठणार आहेत. आपल्या गल्लीतला शालिकराम आज रात्रीच्या गाडीनं तिकडे निघतोय, त्याच्या हाती हे पत्र देतो, म्हणजे ते दारात उभे राहिले तर तू दचकायची नाहीस. रागावलेले नाहीत. त्यांना खरंच जाणून घ्यायचं आहे. फक्त उत्तर देताना मुंबईचे शब्द शोधत बसू नकोस. आता त्यांना आपली भाषा समजते.

मामीचा आशीर्वाद, आणि जेवणाचं विसरू नकोस.

तुझाच,
देवरावमामा