मास्तर दहाला आले

चि. धाकटीस थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. इकडे सगळे धडधाकट आहोत. तुझा गुडघा काय म्हणतो?

नातीला जपानात नोकरी हवी, म्हणून ती तिथली भाषा शिकते. सोबतीला मी वर्गात बसते. ते लोक घड्याळातल्या वेळेला 'नि' जोडतात, 'काल'ला जोडत नाहीत. पोर तिथं चुकली, तर मास्तर सगळ्यांसमोर तिला मठ्ठ म्हणाला. दोन दिवस धड जेवली नाही.

वर्ग नऊचा, आणि हा रोज दहाला उगवतो. मीही एकच वाक्य घोकलं. मोठ्या बाई तपासणीला आल्या, तशी उठून म्हटलं, "सेन्सेई वा किनो जूजी नि किमाशिता." म्हणजे, मास्तर काल दहाला आले!

नंतर गयावया करत आला, "आजी, विसरा ना."

"आधी पोरीची माफी माग. सगळ्यांसमोर."

मागितली. माझा राग अजून गेलेला नाही.

तुझी थोरली